निवृत्तीनंतर छंद नको, काम हवं

बोरूबहाद्दर

राज्य सरकारी नोकरी, त्यामुळे ५८व्या वर्षी घरी. (केंद्रवाले ६०पर्यंत खुर्ची धरून बसतात, आमचं ते भाग्य नाही.) निरोप समारंभात शाल, श्रीफळ आणि 'आता छंद जोपासा' हा सल्ला मिळाला. नारळाच्या वड्या झाल्या. बाकी दोन गोष्टी कपाटात आहेत.

छंदाबद्दल माझं स्पष्ट मत आहे. तो टिकत नाही, कारण आपण गेलो नाही तर कुणाचं काही बिघडत नाही. आमच्या कट्ट्यावरच्या मंडळींनी हार्मोनियम, वॉटरकलर, गच्चीवरची बाग, जर्मन भाषा असं सगळं सुरू करून पाहिलं. पावसाळा आला, गुडघा दुखला, मुलीकडे जाणं झालं की खंड पडतो तो पडतोच. मग उरतं काय? सकाळचं फिरणं, पेपर, पासबुक भरून आणणं, दुपारची झोप, संध्याकाळी राजकारण आणि वर्षातून एकदा नोव्हेंबरात हयातीचा दाखला. आपण हयात आहोत हे बँकेला वर्षातून एकदा कळतं, घरच्यांना अधूनमधून.

मी मोडी शिकलो, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाचे वर्ग असतात (१९१० साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी स्थापलेली संस्था), सरकारच्या पुराभिलेख विभागाचेही असतात. वर्गात निम्मी डोकी पांढरी असतात. सुरुवातीला रडकुंडीला येतो माणूस. आधी ओळभर रेघ मारलेली आणि अक्षरं तिला लटकवलेली. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, वेलांटी-उकारात ऱ्हस्वदीर्घाचा पत्ता नाही. कारकून घाईत असेल तर पाहायलाच नको. तारीख लावायची म्हणजे आणखी एक कोडं. 'सन सलास सितैन मया व अलफ' म्हणजे तीन, साठ, शंभर, हजार. झाले ११६३. हे सुहूर सन, म्हणजे त्या कागदांतली अरबी आकड्यांची कालगणना, त्यात ५९९ मिळवले की इसवी १७६२ किंवा ६३. पुढे 'छ' आलं की चंद्राची तारीख, म्हणजे मुसलमानी महिना.

हे जमायला लागल्यावर एका पत्रातली 'घोड्यांस चंदी (म्हणजे दाणा) मिळत नाही' ही ओळ वाचता आली तेव्हा खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात सांगायला गेलो. पण मुद्दा आनंदाचा नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी कागद आहेत आणि वाचणारे मोजके. आता दर आठवड्याला वाचून द्यायचे माझ्या वाट्याचे कागद ठरलेले असतात. दिले नाहीत तर पुढच्याचं काम अडतं, फोन येतो. तो फोन मला हवा असतो.

तेव्हा माझं म्हणणं असं की निवृत्तांनी मन रमवण्याच्या मागे लागू नये. आपल्यावाचून कुणाचं तरी अडेल असं काहीतरी धरावं. मोडीच पाहिजे असं नाही. सहमत नसाल तर बोला.

---

वरणभात_तूप

+१. आमच्या वॉर्डातलं वाचनालय तीन रिटायर्ड लोकांवर चालतं. एक आजारी पडला की दुसऱ्याला दोन दिवस बसावं लागतं, आणि त्याबद्दल कुरकुर करतानाच तो सगळ्यात खुशीत असतो.

---

तुळशीबाग

काका, राग मानू नका, पण हा धागा पुरुषाने काढलाय हे पहिल्या परिच्छेदातच कळलं. त्या नारळाच्या वड्या कुणी केल्या?

मी शाळेत शिकवत होते. मीही ५८लाच निवृत्त झाले, शाल मलाही मिळाली. दुसऱ्या दिवशी सकाळी कणिक मळायला मीच होते. शाळेच्या नोकरीला निवृत्तीचं वय आहे, या दुसऱ्या नोकरीला नाही. उलट 'हे' पण घरी बसल्यापासून काम वाढलंय. पूर्वी दुपारी माझ्यापुरतं ताटलीत घेऊन पेपर वाचत जेवायचे. आता चारी ठाव. शिवाय चौकशा. डबा कुठला उघडलास, कोण आलं होतं, कुकरच्या तीन शिट्या झाल्या, चौथी कशाला?

तुम्ही म्हणता, आपल्यावाचून कुणाचं तरी अडेल असं काम धरावं. मला नको आहे ते. चाळीस वर्षं सगळ्यांचं माझ्यावाचून अडतच होतं. मला असं ठिकाण हवंय की मी नाही गेले तरी चालेल. बुधवारची भिशी तशी आहे. भजनी मंडळ तसं आहे. मला सूर लागत नाही, मागच्या रांगेत बसते, कुणी काही म्हणत नाही. त्या दोन तासांत मी कुणाच्या उपयोगाची नसते, हीच तर मजा आहे.

---

बोरूबहाद्दर

@तुळशीबाग, वड्या हिने केल्या, नारळ मी खवला. दुपारचा चहा मी करतो, साक्षीदार आहेत.

गंमत सोडा. घरकामाचं अडणं आणि मी म्हणतो ते अडणं यांत फरक आहे. घरचं काम तुमच्यावर येऊन पडलं, तुम्ही ते निवडलं नाही. मी म्हणतो ते आपण होऊन अंगावर घेतलेलं. भजनी मंडळात उद्या पेटीवाल्या बाई आल्या नाहीत तर काय होतं ते बघा. मंडळ तुमच्या मागच्या रांगेवर चालत नाही, त्या पेटीवर चालतं.

---

तुळशीबाग

पेटीवाल्या बाईंना सून आहे, स्वयंपाक ती करते. तुमचंच उत्तर तुम्हाला परत.

---

तिसरी_पाळी

छंद की काम, ही चर्चा ज्यांना महागाई भत्त्यासकट पेन्शन आहे त्यांची. मी पिंपरीत कारखान्यात होतो. आमची पेन्शन म्हणजे ईपीएस ९५, पीएफवाल्यांची १९९५ची पेन्शन योजना. सूत्र असं: पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०, आणि पगार कितीही असो, १५,००० पर्यंतच धरायचा. २०१४च्या आधी ती मर्यादा ६,५०० होती. ३० वर्षं घासली तरी सात हजारांच्या आत. बऱ्याच जणांना दोन-तीन हजार मिळतात. किमान पेन्शन २०१४ साली एक हजार केली, ती अजून तिथेच. महागाई भत्ता नाहीच. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेची मर्यादा २०२३ला ३० लाख झाली म्हणून बँकेतला साहेब माझं अभिनंदन करत होता. ३० लाख पाहिले कुणी?

मी आता एका सोसायटीत वॉचमन आहे, बारा तासांची ड्यूटी. गेटवरून रोज सकाळी पेन्शनवाले फिरायला जाताना दिसतात. त्यांतले दोन-तीन थांबून मला सांगतात, 'काहीतरी करत राहिलं पाहिजे हो, रिकामं बसू नये.' मी मान हलवतो.

माझ्या डोळ्यासमोरची चांगली निवृत्ती सांगू? सकाळी साडेआठला उठायचं. बस. सकाळ, दुपार, रात्र अशा पाळ्या केलेल्या माणसाला झोप म्हणजे काय ते तुम्हाला कळणार नाही. त्यात कुणाचं काही अडायला नको.

---

वरणभात_तूप

@तिसरी_पाळी, मुद्दा लागला. पण हा वाद पैशाचा झाला, वेळेचा नाही.

---

तिसरी_पाळी

वेळ पैशानेच येतो, साहेब.

---

शंकासुर

माझा आक्षेप वेगळा आहे. धागाकर्ते काका (आणि त्यांच्यासारखे इतर) फुकटात काम करतात, त्याचा भुर्दंड कुणाला?

२०२३च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली कुणबी नोंदी शोधायची समिती नेमली. (तेही निवृत्तच, लक्षात घ्या.) जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी रजिस्टरं निघाली, त्यातली बरीच मोडीत. मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. माझ्या ओळखीच्या दोन मुलांनी तेव्हा हे शिकून घेतलं. जमिनीचे, वतनाचे कागद वाचून देतात, पानामागे पैसे घेतात. इतिहासात एमए केलेल्या पोराला दुसरं काय मिळतंय? आणि पलीकडच्या गल्लीत एक काका चहा पाजून तेच काम मोफत करतात. कारण त्यांना 'समाधान' मिळतं.

शाळांतही हेच. निवृत्त गुरुजी मानधनाशिवाय शिकवायला तयार, मग संस्था नवीन माणूस कशाला घेईल? तुम्हाला कामच करायचंय ना, मग बाजारभावाने पैसे घ्या. नाहीतर तुळशीबाग म्हणतात तसं भजन करा, त्याने कुणाच्या पोटावर पाय येत नाही.

---

बोरूबहाद्दर

@शंकासुर, आतापर्यंतचा सगळ्यात टोकदार प्रतिसाद. यावर नीट लिहितो.

कागद दोन प्रकारचे. एक, ज्याच्या मागे गिऱ्हाईक आहे: खरेदीखत, वतनाचा वाद, जातीचा पुरावा. ते वाचून घेणाऱ्याचा फायदा असतो, त्याने पैसे मोजावेत. माझ्याकडे असं कुणी आलं तर मी वाचत नाही, पैसे घेणाऱ्या मुलांचे नंबर देतो. त्यातही एक कारण आहे. त्या कामाची जबाबदारी मोठी असते. एका आकड्याचा घोळ झाला तर भाऊबंद कोर्टात उभे राहतात.

दुसरे, ज्यांच्या मागे कुणीही नाही. कुठल्या तरी ठाण्याचा वैरणीचा हिशेब, मुक्कामाची पत्रं, 'पत्र पावलें, मजकूर कळला' अशी पोच. याला कोण पैसे देणार? शंभर वर्षं कुणी दिले नाहीत. हे वाचायला वेळ असलेला, पोटाची चिंता नसलेला आणि चिकाटीने मान मोडून बसणारा माणूसच लागतो. असा माणूस ५८ वर्षांचा असतो. माझ्यामुळे कुणाची नोकरी गेली असेल तर ती आधी कुणी निर्माण केली होती ते सांगा.

शाळेबद्दल मात्र तुमचं खरं आहे, तिथे मानधनाशिवाय उभं राहू नये.

---

एडिसनची_आजी

इथे न्यू जर्सीत लेकीकडे आले आहे, नेहमीप्रमाणे सहा महिने. तुमच्या नियमाने मी आदर्श निवृत्त. माझ्यावाचून खरंच अडतं. नातू शाळेतून येतो तेव्हा घरात कुणीतरी असावं लागतं, आणि पाळणाघराचे इथले दर ऐकले तर तिकीट स्वस्त वाटतं.

पण सकाळी आठ ते दुपारी तीन काय? बस नाही, गाडी मला चालवता येत नाही, रस्त्यावर माणूस नाही. पुण्यात कोथिंबीर आणायला गेलं तरी चार जणींशी बोलणं होतं. इथे कोथिंबीर शनिवारी, जावयाच्या गाडीतून. गावच्या लायब्ररीपर्यंत चालत जाता येतं हे कळलं आणि जीव वाचला. तिथे आमच्यासारख्या गुजराती, तेलुगू आज्या भेटतात, खुणा आणि मोडकं हिंदी यांवर छान चालतं.

म्हणजे अडणं पुरत नाही हो काका. माणसं लागतात. तुम्हाला तो आठवड्याचा फोन हवासा वाटतो तो कागदांमुळे की फोनमुळे, विचारून बघा स्वतःला.

---

कोरडवाहू

धागा मजेशीर आहे, पण आमच्याकडे निवृत्ती हा प्रकारच नाही. वडील पंचाहत्तरी ओलांडलेले. सकाळी रानात चक्कर होतेच. काम करतात असं नाही, बांधावर उभं राहून मला चुका सांगतात. तेही कामच म्हणायचं.

आता त्यांना खरा आनंद कशात आहे ते सांगतो. २०२२च्या ऑगस्टपासून ७५च्या वरच्यांना एसटी फुकट झाली. तेव्हापासून गावातले चार-पाच म्हातारे मिळून निघतात. आधारकार्ड, पंचा, भाकरी-चटणी. आज तुळजापूर, परत आले की पंढरपूर, मग जेजुरी. एरवी बस चुकली तर चिडणारी माणसं, स्टँडवर तीन तास बसून राहतात, बडबड करतात, पुढची गाडी पकडतात. एकदा तर देवळात न जाताच परत आले. गर्दी होती म्हणे, कळसाला हात जोडले.

यात कुणाचं काय अडतं? काही नाही. उपयोग? शून्य. माझा बाप जन्मात पहिल्यांदा बिनकामाचा फिरतोय. त्याला कुणी 'कामाला लागा' म्हटलं तर मी भांडेन.

---

लेकीचा_जाच

मी चाळिशीतली, या बाजूने बोलते. आमचे बाबा निवृत्तीनंतर 'उपयोगी पडायला' सोसायटीचे सेक्रेटरी झाले. आता घरातल्या जेवणाच्या टेबलावर पाण्याच्या टाकीची फाइल असते. रविवारी सकाळी सातला दुसऱ्या मजल्यावरचे कुंडीतल्या पाण्याची तक्रार घेऊन दारात. बाबा पार्किंगच्या पट्ट्या टेपने मोजतात. विंगमधले निम्मे लोक आमच्याशी बोलत नाहीत.

काकांचा नियम लावला तर बाबांवाचून सगळ्यांचं अडतं. खरं तर बाबांमुळे अडतं. निवृत्त माणसाच्या उत्साहाला एखादं वेसण असावं एवढंच माझं मागणं. (बाबा इथे वाचत असतील तर: हलकेच घ्या. आणि ती फाइल उचला.)

---

बोरूबहाद्दर

@लेकीचा_जाच, म्हणून तर म्हणतो, दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी वारलेल्या माणसांचं काम करावं. ती तक्रार करत नाहीत.

@एडिसनची_आजी, फोनमुळेच. पण कागद नसते तर तो फोन आला नसता.

@कोरडवाहू, तुमच्या वडिलांनी जन्मभर राबून घेतलंय, त्यांना माझा नियम नाही. तो माझ्यासारख्या टेबलामागे बसलेल्यांना, ज्यांच्या फाइली कुणाला लागल्या की नाही ते शेवटपर्यंत कळलंच नाही. या मतावरून मी हलत नाही.

---

वरणभात_तूप

अवांतर: मोडी शिकायला वयाची अट? डोळे अधू आहेत, मोतीबिंदूचं एक ऑपरेशन झालंय.

---

बोरूबहाद्दर

अट नाही. कागदाचा फोटो मोठा करून पडद्यावर वाचता येतो, डोळ्याची सबब चालणार नाही. आधी बाराखडी गिरवा, हाताला वळण कळलं की डोळ्याला कळतं. मग पत्रं घ्या. त्यांचे मायने ठरलेले असतात, 'राजश्री अमुक गोसावी यांसी' इथपासून 'हे विनंती'पर्यंत, त्यामुळे पाय टेकायला जागा मिळते. हिशेबाचे कागद इतक्यात नकोत. माणूस पळून जातो.

---

तुळशीबाग

वर्गाचे दिवस आणि वेळ टाका इथे. मी येणार नाही, 'ह्यां'चं नाव घालते. तेवढ्या वेळात कुकरच्या किती शिट्या करायच्या ते माझं मी बघेन.