मदत हवी आहे: कातडीवर जिवाणू लावून द्यायची लस कुठे मिळते?

सायलीची_आई: सुई न टोचता, कातडीवर जिवाणू लावून लस देतात असं वाचलं. पुण्यात कुठे मिळेल? सोमवारच्या आत हवी आहे. प्लीज लवकर सांगा.

पेट्रीडिश: कसली लस? कुणाला? वय किती?

कोकणकडा: झायडसची झायकोव्ह-डी मागा. बिनसुईची, ऑगस्ट २०२१ मध्ये मान्यता मिळाली होती. माझ्या मते सगळ्या लशी तशाच हव्यात.

पेट्रीडिश: अहो, ती कोविडची. औषध दाबाने कातडीत जातं, जिवाणूंचा संबंध नाही. ताई, तुम्ही वाचलंत ते स्टॅनफर्डचं काम दिसतंय, डिसेंबर २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये आलेलं. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असतोच. त्याच्या एका प्रथिनात धनुर्वाताच्या विषाचा निरुपद्रवी तुकडा बसवला आणि तो जिवाणू उंदरांच्या डोक्यावर बोळ्याने लावला. नंतर एरवी जीव गेला असता एवढं विष देऊनही ते उंदीर जगले. पण माणसांसाठी ही लस अजून कुठेच मिळत नाही.

जुना_कंपाउंडर: आणि मिळूही नये! एकाच्या अंगावरचा जिवाणू घरभर पसरला तर? भावंडांना न विचारता लस?

पेट्रीडिश: प्रश्न रास्त आहे, ते तपासावंच लागेल. म्हणून कामच बंद करायचं का? क्षयाच्या बीसीजी लशीतही जिवंत जिवाणूच असतो.

जुना_कंपाउंडर: बीसीजीला शंभर वर्षांचा अनुभव आहे. माझ्या डाव्या दंडावर वण आहे अजून.

सायलीची_आई: सायलीसाठी हवी, दहा पूर्ण. शाळेत सोमवारी टीडी (धनुर्वात-घटसर्पाची लस) देणार आहेत. पाच वर्षांची असताना सुई आत असतानाच तिने हात ओढला होता. तेव्हापासून स्पिरिटचा वास आला तरी ओठ पांढरे पडतात, माझी ओढणी मुठीत घट्ट धरते. चिठ्ठी आल्यापासून धड जेवलेली नाही.

कोकणकडा: मग पोलिओसारखे थेंब द्या.

पेट्रीडिश: धनुर्वाताचे थेंब नसतात.

निशाकाकू: अगं, हे आधी सांगायचं ना! शाळेत नको, तुमच्या डॉक्टरांकडे ने. लिग्नोकेन-प्रिलोकेनचं बधिर करणारं मलम असतं, त्यांना विचारून घे. टोचायच्या तासभर आधी लावायचं, वर पट्टी. आणि तिला आडवं झोपवूनच टोचा म्हणावं, माझ्या भाच्याला चक्कर यायची ती तशीच थांबली.

सायलीची_आई: थँक्यू काकू. म्हणजे घरूनच लावून निघायचं ना? दोन्ही दंडांना लावू?

निशाकाकू: हो, घरूनच. पण एकाच. कुठल्या दंडात देणार ते आज फोन करून विचार.