महागडा ॲम्प्लिफायर: वरचे पैसे नक्की कशाचे?

निषाद
आठ-दहा लाखांचा ॲम्प दीड लाखाच्या ॲम्पपेक्षा चांगला वाजतो, हे मला मान्य नाही. आकडे वेगळंच सांगतात. बेंचमार्क एएचबी2 साधारण 3,000 डॉलरला आला. 8 ओहमला 100 वॅट, सिग्नल-नॉइज (संगीत आणि खरखर यांतलं अंतर) 132 डीबी. दुसऱ्या टोकाला वावॅक एसएच-833 ट्यूब ॲम्प, जोडी 3,50,000 डॉलर. 2004 मध्ये स्टिरिओफाइल मासिकाने तो मोजला तेव्हा डिस्टॉर्शन (मूळ आवाजात ॲम्पने घातलेली भेसळ) भरपूर निघालं.

सीडीचीच मर्यादा 96 डीबी आहे, तिची खरखर एवढीच खाली जाते. बालगंधर्वांच्या 78 आरपीएम तबकड्यांची खरखर तर त्याच्याही खूप वर असते. चांगला स्पीकरही 40 हर्ट्झला, 90 डीबी आवाजात एखादा टक्का डिस्टॉर्शन सहज देतो. ॲम्पचं 0.001 टक्का, म्हणजे हजारपट कमी. 1987 मध्ये स्टिरिओ रिव्ह्यूने 219 डॉलरच्या रिसीव्हरपासून 12,000 डॉलरच्या ट्यूब मोनोब्लॉकपर्यंत (एका चॅनलला एक ॲम्प) सहा ॲम्प, कोणता ते न सांगता, ऐकवले. श्रोत्यांना ते वेगळे ओळखता आले नाहीत. उरलेले पैसे स्पीकरमध्ये आणि खोलीत घाला, एवढंच म्हणणं आहे.

कोरडं_सोल्डर
निषाद, हे आकडे कोणत्या लोडवरचे (ॲम्पला जोडलेल्या किती ओहमावरचे) ते आधी बघा. सिनॅडचा (खरखर आणि डिस्टॉर्शन मिळून सिग्नलच्या किती खाली, त्याचा आकडा) जो तक्ता सगळीकडे फिरतो तो बहुधा 1 किलोहर्ट्झ, 5 वॅट आणि साध्या रेझिस्टरवरचा असतो. स्पीकर हा रेझिस्टर नाही. डब्यावर 8 ओहम लिहिलेला स्पीकर 80-100 हर्ट्झच्या आसपास 3.2 ओहमपर्यंत उतरतो, आणि तिथेच फेज (व्होल्टेज आणि करंट यांच्यातलं मागेपुढे होणं) उणे 45 अंश असेल तर आउटपुट ट्रान्झिस्टरवर त्याहूनही कमी ओहमाचा ताण येतो. 1980 च्या दशकातला अपोजी सिंटिला हा रिबन स्पीकर 1 ओहमचा होता. क्रेल या ॲम्प कंपनीचं नाव झालं ते असले स्पीकर चालवण्यावरच.

8 ओहमला 100, 4 ला 200, 2 ला 400 वॅट द्यायचे तर मोठा टोरॉइड (गोल ट्रान्सफॉर्मर), चॅनलमागे पाच-सहा जोड्या ट्रान्झिस्टर आणि किलोंनी ॲल्युमिनियम लागतं. स्वस्त ॲम्प 4 ओहमला 150 देतो आणि 2 ओहमला प्रोटेक्शनमध्ये जातो, म्हणजे स्वतःला बंद करतो. पैसे या तांब्याचे आहेत.

निषाद
मान्य, पण हेही मोजता येतंच. 4 आणि 2 ओहमचा पॉवर-डिस्टॉर्शन आलेख मागा, निर्माता देत नसेल तर तो ॲम्प सोडा. शिवाय गरज किती ते काढा. स्पीकर 1 वॅटला 1 मीटरवर 86 डीबी, खोलीत 3 मीटरवर साधारण 6 डीबी वजा, दोन स्पीकरचे 3 अधिक: 1 वॅटला 83 डीबी. 103 डीबीचं शिखर हवं तर आणखी 20 डीबी, म्हणजे 100 वॅट. घरात त्याहून मोठं कोण ऐकतं?

जवारी
तुम्ही दोघं वॅट आणि ओहमातच फिरताय. टीएचडी, म्हणजे एकूण हार्मोनिक डिस्टॉर्शन, हा एकच आकडा कानाला काय वाटेल ते सांगत नाही. बीबीसीचे शॉर्टर यांनी 1950 मध्येच सुचवलं होतं की वरच्या हार्मोनिकना (मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट अशा कंपनसंख्येच्या सुरांना) जास्त वजन द्या, क्रमांकाचा वर्ग भागिले चार. 2003 मध्ये गेडिस आणि ली यांनी दाखवलं की टीएचडीचा आणि ऐकणाऱ्याच्या पसंतीचा मेळ बसत नाही. दुसरा हार्मोनिक म्हणजे सरळ वरचा षड्ज, तो तानपुऱ्यात मिसळून जातो. सातवा, नववा टोचतो. ॲम्प डिझायनर नेल्सन पास तर दुसऱ्या-तिसऱ्या हार्मोनिकचं प्रमाण ठरवून डिझाइन करतात. 300बी या ट्यूबच्या 8 वॅटमध्ये गायकाचा आवाज जसा समोर येतो तो मला हवा आहे, आणि त्यासाठी पैसे मोजणं गैर नाही.

निषाद
जवारी, शॉर्टरचंच गणित लावू. दहाव्या हार्मोनिकचं वजन 100 भागिले 4, म्हणजे 25 पट, 28 डीबी. तो मुळात उणे 110 डीबीवर असेल तर वजन देऊनही उणे 82. संगीत चालू असताना तो ऐकू येणार नाही. शॉर्टरचा नियम खराब ॲम्पना उघडं पाडतो, चांगल्यांना नाही.

300बीचा बराचसा फरक आउटपुट इम्पिडन्समधून (ॲम्पच्या स्वतःच्या आतल्या रोधातून) येतो. तो 2 ओहम धरा आणि स्पीकर 4 ते 20 ओहम हलणारा: 4 ओहमपाशी 3.5 डीबी गळतात, 20 ओहमपाशी 0.8. म्हणजे 2.7 डीबीचा चढउतार, चक्क टोन कंट्रोल. साध्या ॲम्पच्या आणि स्पीकरच्या मध्ये 2.2 ओहम, 10 वॅटचा वायरवाउंड रेझिस्टर घाला, तोच चढउतार येतो (तापतो, पडद्यापासून लांब ठेवा). 1985 मध्ये बॉब कार्व्हरने स्टिरिओफाइलपुढे आपला ट्रान्झिस्टर ॲम्प एका महागड्या ट्यूब ॲम्पशी जुळवला, दोघांच्या आउटपुटमधला फरक 70 डीबी खाली नेऊन.

जवारी
रेझिस्टरने चढउतार येईल, पण आवाज वाढताना दुसरा हार्मोनिक जसा हळूहळू वाढतो ते येणार नाही. आणि कार्व्हरने तरी काय सिद्ध केलं? ट्यूबचा आवाज वेगळा आहे, आणि कुशल माणसाला मुद्दाम जुळवावा लागला!

अर्थिंग
वाद कानाने मिटवायचा असेल तर नीट करा. दोन्ही ॲम्पची पातळी स्पीकरच्या टर्मिनलवर 0.1 डीबीत जुळवा. 2.83 व्होल्टवर ही मुभा फक्त 0.03 व्होल्टची आहे. टोन 100 हर्ट्झचा घ्या. स्वस्त मल्टिमीटर 400 हर्ट्झच्या वर चुकीचं एसी व्होल्टेज दाखवतात. अर्धा डीबी फरक राहिला की मोठा ॲम्प ‘मोकळा’ वाटतो, आणि तिथेच चाचणी फसते. कोणता ॲम्प ते न कळता 16 वेळा ओळखा, 12 बरोबर आले तरच फरक धरा.

स्विच बॉक्समध्ये प्लस आणि मायनस दोन्ही तारा रिलेने तोडा. पुष्कळ क्लास-डी (स्विचिंग) ॲम्पचं आउटपुट ब्रिज असतं, म्हणजे दोन्ही तारांवर सिग्नल असतो, त्यांचा मायनस हा ग्राउंड नव्हे. दोन ॲम्पचे मायनस एकत्र बांधले की आउटपुट शॉर्ट झालंच समजा.

कोरडं_सोल्डर
अर्थिंग यांचं बरोबर. पण कान आणि आलेख दोन्ही पहिल्या दिवसाचे असतात. दहाव्या वर्षी काय? 25 वॅटचा स्टिरिओ क्लास-ए (ट्रान्झिस्टर सतत पूर्ण चालू ठेवणारा) ॲम्प आवाज नसतानाही दीड-दोनशे वॅट खातो. मे महिन्यात नागपूरला खोली 40 अंशांवर असताना आतले कपॅसिटर कुठे पोचतात बघा. दर 10 अंशांना त्यांचं आयुष्य निम्मं होतं. मोठी हीटसिंक, 105 अंशांचे कपॅसिटर आणि त्यांच्यात राखलेलं अंतर यांचे पैसे मी आनंदाने देईन, ते सिनॅडमध्ये दिसोत न दिसोत.

निषाद
हा मुद्दा मला पटतो. फक्त जाड दर्शनी पॅनेल म्हणजे चांगली हीटसिंक नव्हे. झाकण उघडून बघू देत नसेल त्याच्याकडून घेऊ नका.

कोरडं_सोल्डर
आणि दुरुस्ती होते का ते विचारा. सीलबंद मॉड्यूल गेलं तर अख्खं बदलावं लागतं. सुटे 2एससी5200 आणि 2एसए1943 ट्रान्झिस्टर असले तर मुंबईत लॅमिंग्टन रोडवरही मिळतात, पण नकली फार. बदलल्यावर पहिल्यांदा 100 वॅटचा जुना फिलामेंटचा बल्ब मेन्सच्या तारेत सिरीजमध्ये लावूनच चालू करा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, पेटलेलाच राहिला तर शॉर्ट आहे. मग बल्ब काढा, स्पीकर न जोडता बायस (ट्रान्झिस्टरमधून शांत असताना वाहणारा करंट) लावा: 0.22 ओहमच्या एमिटर रेझिस्टरवर 20 ते 25 मिलिव्होल्ट, आणि अर्ध्या तासाने तापल्यावर पुन्हा. सर्व्हिस मॅन्युअल न देणाऱ्या कंपनीचा ॲम्प कितीही महाग असला तरी हे काम अंदाजानेच करावं लागतं.