होमस्टेसाठी डोमेन घ्यायचंय: डॉट इन, डॉट पीटी की डॉट ईयू? गोव्यात बसून कुठलं मिळतं?

कुळागर_सावईवेरे
नमस्कार मंडळी. आमचं सावईवेऱ्याला घरचं कुळागर आहे, पोफळी, मिरी, थोडी जायफळं, आणि मागच्या बाजूच्या खोल्या आता होमस्टेला देतोय. गिऱ्हाईक ओळखीतूनच येतं, त्यात पोर्तुगालची माणसं बरीच आणि यूकेत गेलेल्या आपल्या लोकांचे पाहुणे. आता वेबसाइट करायचीय, तिला डोमेन म्हणजे इंटरनेटवरचं नाव घ्यायचंय. चुलतभाऊ यूकेत स्विंडनला असतो, पोर्तुगीज पासपोर्टवाला, तो म्हणतो डॉट ईयू घेऊया, माझ्या नावावर करतो, युरोपातल्या लोकांना भरवसा वाटतो. बायको म्हणते डॉट पीटी, म्हणजे पोर्तुगालचं. मला कळत नाही की दुसऱ्या देशाचं नाव आपल्याला मिळतं का, आणि मिळालं तर उद्या कोणी काढून तर घेणार नाही ना. दिवाळीच्या आत करायचंय, जाणकारांनी सांगा.

म्हापशाचा_नेटवाला
बाब, प्रत्येक देशाचा नियम वेगळा असतो, म्हणून आधी नियम बघा, दर नंतर बघा. डॉट पीटी तुम्हाला खुशाल मिळेल. पूर्वी कंपनीचे नाहीतर ट्रेडमार्कचे कागद लागायचे, पण 1 मे 2012 पासून त्यांनी ते सगळ्यांना खुलं केलं, पोर्तुगालचा पत्ता नसला तरी चालतं. फक्त डॉट ऑर्ग डॉट पीटी घेऊ नका, ते ना-नफा संस्थांसाठी आहे.

डॉट ईयूचं तसं नाही. तुमच्या स्वतःच्या नावावर मिळणार नाही. त्याला एकतर युरोपियन युनियनचा नागरिक पाहिजे, नाहीतर तिथे (किंवा आइसलँड, नॉर्वे, लिश्टेनस्टाइनमध्ये) राहणारा माणूस किंवा तिथे नोंदलेली कंपनी. आधी नागरिक असलात तरी राहायलाही तिथेच लागायचं, 19 ऑक्टोबर 2019 पासून नागरिक जगात कुठेही राहत असला तरी चालतो. म्हणजे भावाला मिळेल, आणि तो उद्या गोव्याला परत आला तरी राहील. पण ते भावाचं राहील, तुमचं नाही, हे डोक्यात ठेवा.

स्विंडनकर
मी इथेच असतो म्हणून सांगतो, भावाला म्हणावं फॉर्म नीट भर. ब्रेक्झिट झालं तेव्हा इथे पुष्कळांची डॉट ईयू नावं गेली. 1 जानेवारी 2021 ला यूकेच्या पत्त्यावरची नावं सस्पेंड केली, साइट बंद, ईमेल बंद, आणि ज्यांनी पात्रता दाखवली नाही त्यांची वर्षभराने कायमची काढली. आमच्या ओळखीच्या एका गोंयकार केटररचं असंच झालं, माणूस पोर्तुगीज नागरिक पण डोमेन इथल्या लिमिटेड कंपनीच्या नावावर, आणि यूकेची कंपनी म्हटल्यावर मालकाचा पासपोर्ट कुठला हे कोण बघत नाही. शेवटी डोमेन स्वतःच्या नावावर करून घेतलं तेव्हा ते चालू झालं, तोवर लग्नाच्या ऑर्डरी चौकशीलाच पोचल्या नाहीत. म्हणून भावाने संस्थेच्या रकान्यात काही लिहू नये, व्यक्ती म्हणूनच नोंदवावं, आणि नागरिकत्वाचा देश विचारतात तिथे पोर्तुगाल निवडावं, राहण्याचा देश यूके तो यूकेच लिहावा.

फोंड्याची_वहिनी
भाऊ माझं ऐका, दुसऱ्याच्या नावावर घेऊच नका, घरचा असला तरी. आमच्या मसाल्याच्या साइटचं नाव ज्याने साइट बनवली त्याने स्वतःच्याच नावावर घेतलं होतं, पैसे आम्ही भरले, बिल आमच्याकडे, तरी दुसरीकडे हलवायचं म्हटल्यावर ट्रान्सफरचा कोड द्यायला त्याने किती दिवस लावले, फोनच उचलेना. जमिनीचं कसं, एक-चौदाच्या उताऱ्यावर ज्याचं नाव त्याची जमीन, डोमेनचंही अगदी तस्संच आहे. रजिस्ट्रंट म्हणजे डोमेनचा नोंदलेला मालक म्हणून तुमचं नाव, तुमचाच ईमेल, तुमचाच मोबाइल, हे आधी बघा, मग बाकीचं.

कुळागर_सावईवेरे
बरं झालं विचारलं. भावाला वाईट वाटेल पण डॉट ईयूचा विचार सोडला. मग डॉट इन मुख्य आणि डॉट पीटी जोडीला असं करू का? आणि ते डॉट भारत म्हणतात ते काय, मराठीत नाव घेता येतं म्हणे?

मास्तर_साखळी
मधेच विचारतो, आमच्या शाळेला डॉट एज्यु डॉट इन पाहिजे, एक जण म्हणतो मी मिळवून देतो, पैसे आधी मागतोय.

म्हापशाचा_नेटवाला
मास्तर, कोणाला पैसे देऊ नका. डॉट एज्यु डॉट इन आणि डॉट एसी डॉट इन फक्त शिक्षणसंस्थांना मिळतं आणि ते अर्नेट इंडिया ही सरकारी संस्था देते, शाळेच्या मान्यतेचे कागद लावून मुख्याध्यापकांनी थेट तिथेच अर्ज करायचा.

कुळागरवाले, डॉट इन घ्याच. 2005 पासून ते कोणालाही मिळतं, भारतीय असण्याचीसुद्धा अट नाही, निक्सी नावाची संस्था ते चालवते. मात्र रजिस्ट्रंटच्या जागी दुसऱ्याचं नाव लावून स्वतःचं लपवायची सोय डॉट इनला चालत नाही, केवायसी मागतील, तेव्हा आधारवर जसं आहे तसंच नाव-पत्ता टाका. डॉट भारत देवनागरीत 2014 ला आलं, मराठी आणि कोंकणी दोन्ही त्यात आहेत, आणि पाटीवर लिहायला मला तरी ते फार आवडतं, आपल्या लिपीत आपल्या गावाचं नाव. पण बुकिंगचा ईमेल त्यावर ठेवू नका, पुष्कळ ठिकाणी देवनागरी पत्ता अजून घेत नाहीत, ते डॉट इनकडे वळवून द्या. डॉट पीटी हवं तर घ्या, पण पोर्तुगीजमधे एखादं तरी पान लिहून देणारं कोणी असेल तरच, नुसतं नाव घेऊन माणसं येत नाहीत.

आणि रिन्यूअलची तारीख बायकोच्याही मोबाइलवर लावून ठेवा, सीझनात तुम्ही पाहुण्यांत असाल.

कुळागर_सावईवेरे
पोर्तुगीज लिहायला शेजारची आजी आहे, लिसेवात म्हणजे पोर्तुगीज काळातल्या हायस्कुलात शिकलेली. आज रात्रीच डॉट इन करतो.