पॉड म्र्चारूच्या सरड्यांचा चावा इतका जोरकस का?

माळरान: क्रोएशियातल्या या बेटावरचे इटालियन वॉल लिझर्ड आता भरपूर पाला खातात. मग चाव्याचा जोर का वाढला? पानं तर मऊ असतात ना?

जबडा_कवटी: पानं मऊ नसतात, चिवट असतात. शिवाय सरड्यांना आपल्यासारखं चर्वण जमत नाही. धागेदार पानाचा तुकडा तोडायचा आणि गिळायचा, एवढंच. तुकडा जितका लहान तितकं पचन सोपं. 1971 मध्ये शेजारच्या पॉड कोपिश्ते बेटावरून 5 जोड्या इथे सोडल्या होत्या. 2008 च्या शोधनिबंधानुसार उन्हाळ्यात यांच्या आहारात वनस्पती सुमारे 61 टक्के, मूळ बेटावर जेमतेम 4. डोकं लांब, रुंद आणि उंच झालं. माझ्या मते उंची सर्वांत महत्त्वाची, कारण जबडा मिटणाऱ्या स्नायूंना तिथेच जागा मिळते.

माळरान: जोर मोजतात कसा?

सरीसृप: बलमापकाला जोडलेल्या दोन धातूच्या पट्ट्या चावायला देतात. अनेक चाव्यांतला कमाल आकडा धरतात. सरडा थंड असेल तर आकडा कमी येतो, म्हणून आधी ऊब द्यावी लागते. पट्टी जबड्याच्या टोकाशी की आत, यानेही फरक पडतो, तरफेचा नियम! जागा ठरलेलीच ठेवा.

आणि पोट विसरू नका: यांच्या सीकममध्ये, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीत, झडपा सापडल्या. त्या अन्नाला रोखून धरतात, त्यामुळे सूक्ष्मजीवांना सेल्युलोज (पानांतला चिवट तंतुमय पदार्थ) आंबवायला वेळ मिळतो.

जबडा_कवटी: मात्र हे सगळं जनुकीयच, असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. दोन्ही बेटांची पिल्लं एकाच खाद्यावर वाढवून पाहायला हवीत.