मदत हवी आहे : ‘सेटल्ड’ शेऱ्यामुळे अडलेले गृहकर्ज

भांडुपमध्ये पहिले घर म्हणून आम्ही ६२ लाखांचे रीसेलचे वन रूम किचन पाहिले आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांपर्यंतचे गृहकर्ज घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच मिळते आणि मुद्रांक शुल्क त्यात धरले जात नाही. उरलेले २० टक्के आणि मुद्रांक शुल्क यांसाठी लागणारी स्वतःची रक्कम आमच्याकडे तयार आहे. अडचण माझ्या ६४१ सिबिल स्कोअरची (कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणाऱ्या गुणांची) आहे. लॉकडाऊनमध्ये पगार थांबल्याने क्रेडिट कार्डाची थकबाकी तडजोडीने मिटवावी लागली आणि तो ‘सेटल्ड’ (पूर्ण न भरता तडजोडीने मिटवलेले) शेरा सिबिल अहवालात अजून आहे. त्यानंतर एकही हप्ता चुकलेला नाही.

एका बँकेने अर्ज नाकारला. एक गृहवित्त कंपनी कर्ज द्यायला तयार आहे, पण तिचा व्याजदर बराच चढा आहे. पत्नीचा स्कोअर ७७० आहे, मात्र केवळ तिच्या पगारावर एवढे कर्ज बसत नाही. दोघांचीही नोकरी कायम आहे, दुसरे कर्ज नाही आणि इमारतीला ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) आहे. टोकन अद्याप दिलेले नाही. विक्रेता दिवाळीपर्यंत थांबणार आहे, म्हणून नवे अर्ज करून अहवालात बँकांच्या चौकश्यांच्या नोंदी वाढवणे मी टाळतो आहे.

तडजोडीत कार्डाच्या बँकेने सोडून दिलेली रक्कम आता भरून ना-देय प्रमाणपत्र घेतले, तर शेरा ‘क्लोज्ड’ होताच बँका पत्नीला मुख्य अर्जदार धरून संयुक्त अर्ज स्वीकारतात का? की फ्लोटिंग दराच्या कर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड नसल्याने आधी गृहवित्त कंपनीचे कर्ज घेऊन पुढे ते बँकेकडे वळवणे अधिक खात्रीचे ठरेल?