खोल समुद्रातली देठवाली ॲसिडियन: नवी प्रजाती म्हणण्याआधी काय तपासावं?

गाळतळ
साधारण 2,100 मीटर खोलीवरून ट्रॉलमध्ये (तळावरून ओढलेल्या जाळ्यात) आलेले ॲसिडियनचे (तळाला चिकटून राहणारे पिशवीसारखे समुद्री प्राणी) तीन नमुने आहेत. अंग 14 ते 22 मि.मी., देठ बारीक आणि लांब. दोन फॉर्मालिनमध्ये, एक 96 टक्के अल्कोहोलमध्ये. मोठा उघडला तर कल्ल्यांच्या पिशवीत स्टिग्माटाच (पाणी जाणारी बारीक छिद्रं) नाहीत, नुसती जाळी. ट्रॉलमध्ये फाटली असेल का? कुलिओलस (खोल समुद्रातल्या देठवाल्या ॲसिडियनचा वंश) वाटतंय, पण बाह्यरूप कुठल्याच वर्णनाशी जुळत नाही. एवढ्यावर नवी प्रजाती म्हणता येईल?

कंचुकी
पिशवी शाबूत आहे. कुलिओलसमध्ये स्टिग्माटा नसतातच, आडव्या-उभ्या वाहिन्यांची जाळीच असते. फाटलेली असती तर कडांना चिंध्या दिसल्या असत्या.

बाह्यरूपावर मात्र विसंबू नका. फॉर्मालिनमध्ये अंग आकसतं, ट्रॉलमध्ये ट्युनिक (बाहेरचं आवरण) घासलं जातं. खरी लक्षणं आत असतात. दुसरा नमुना उघडताना आधी ट्युनिक सोडवून घ्या. मग मुखसायफनपासून (पाणी आत घेणारी नळी) पोटाच्या बाजूने, एंडोस्टाइलला (पिशवीची पोटाकडची खोबण) लागून (त्यावरून नव्हे) चिरत जा आणि पुस्तकासारखं उघडून मेणाच्या तबकात टाचा. हीमॅलम या रंगाने हलकं रंगवा. रंग जास्त चढला तर स्नायूंआड जननग्रंथी दिसत नाहीत. 70 टक्के अल्कोहोलमध्ये 1 टक्का हायड्रोक्लोरिक आम्ल घालून उतरवा, नंतर नळाच्या पाण्याने धुवा.

रंगवण्या*आधी* पिशवीचा छोटा तुकडा बाजूला काढा. त्यातले स्पिक्यूल (सूक्ष्म काटे) चुनखडीचे असतात, आम्लात विरघळतात. तुकड्यावर ब्लीच टाकलं की ऊती जाते, स्पिक्यूल राहतात. फॉर्मालिनमध्ये बोरॅक्ससारखा बफर नसेल तर ते आधीच गेलेले असू शकतात. तेव्हा ‘स्पिक्यूल नाहीत’ हे अल्कोहोलमधल्या नमुन्यात पाहिल्याशिवाय लिहू नका.

मोजायचं ते: मुखाजवळच्या टेंटॅकलची (बोटांसारख्या स्पर्शिका) संख्या, पृष्ठगाठीच्या (पाठीकडचा छोटा उंचवटा) छिद्राचा आकार, पिशवीच्या दोन्ही बाजूंच्या घड्या, प्रत्येक घडीवरच्या आणि घड्यांमधल्या उभ्या वाहिन्या, आतड्याचं वळण, गुदद्वाराची कड, दोन्हीकडच्या जननग्रंथी. टेंटॅकल आणि वाहिन्या वाढीबरोबर वाढतात, म्हणून प्रत्येक आकड्यापुढे त्या नमुन्याची लांबी हवीच. 14 मि.मी.चा नमुना अपरिपक्व असेल तर त्याच्या आकड्यांवर वेगळेपणा उभा करू नका.

ओलानमुना
अल्कोहोलमधल्या नमुन्याच्या अंगभित्तीच्या स्नायूचा तुकडा डीएनएसाठी घ्या. ट्युनिकवर दुसरे जीव चिकटलेले असतात आणि आतड्यात खाल्लेलं असतं. तिथून भलताच डीएनए-क्रम येतो. सीओआय या प्रजाती ओळखण्याच्या जनुकासाठी फोल्मर प्राइमर (डीएनएच्या प्रती काढायला लागणारे नेहमीचे छोटे तुकडे) ॲसिडियनमध्ये बरेचदा चालत नाहीत, ट्युनिकेटांसाठी (ॲसिडियन ज्यात मोडतात तो गट) बनवलेले वापरा. 18एस हे जनुक प्रजाती वेगळ्या करायला फार संथ बदलतं. आणि शेजारच्या प्रजातींचे क्रम डेटाबेसमध्ये नसतील तर ‘कशाशीच जुळत नाही’ याने काही सिद्ध होत नाही.

गाळतळ
मोठा नमुना उघडून झालाय. तो होलोटाइप (नव्या नावाचा प्रमाण नमुना) म्हणून चालेल?

कंचुकी
परिपक्व असेल तर तोच घ्या. न उघडलेल्या होलोटाइपवर पुढच्याला काहीच पडताळता येत नाही. ट्युनिक, देठ, स्लाइड सगळ्यांवर एकच नोंदणी क्रमांक घाला.

पण आधी जुने टाइप (आधीच्या प्रजातींचे प्रमाण नमुने) पाहा. कुलिओलस हा वंश प्राणिशास्त्रज्ञ हर्डमन यांनी 1881 मध्ये चॅलेंजर या समुद्रसंशोधन मोहिमेच्या नमुन्यांवरून मांडला. ते टाइप लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहेत. जुन्या वर्णनांत आतला तपशील तोकडा असतो, त्यामुळे ‘जुळत नाही’ म्हणजे कधीकधी ‘लिहिलेलं नाही’ इतकंच.

संहितावाचक
प्राण्यांच्या नामकरण संहितेचं तेवढं सांभाळा: नाव नवं असल्याचं स्पष्ट लिहा, वेगळेपणा सांगणारं निदान द्या, होलोटाइप आणि तो ठेवलेल्या संग्रहाचं नाव द्या (1999 नंतर बंधनकारक). शोधनिबंध फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँक या प्राणिनामांच्या नोंदवहीत नोंदणी आधी करा आणि तिचा पुरावा निबंधातच छापा. तो राहिला तर नाव संहितेनुसार उपलब्धच (ग्राह्य) होत नाही. कुलिओलस पुल्लिंगी आहे, प्रजातीचं नाव विशेषण असेल तर तेही पुल्लिंगी करा.