बॉल जॉइंट अंगणात बदलायचा? माझा साफ विरोध

उद्यमबागकर
परवा इथं एकानं लिहिलं, "कुठलीही गाडी असो, लोअर बॉल जॉइंट बदलायला मेस्त्री कशाला? जॅक, हातोडा, अंगणात दोन तासांचं काम." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. वीस वर्षं मशीन शॉपमध्ये काढलीत, पान्याला मी घाबरत नाही. पण हा हॉर्न बदलायचा प्रकार नव्हे. बॉल जॉइंट म्हणजे चाकाला खालच्या दांड्याशी, आर्मशी जोडणारी गोटी. ती सॉकेटातून निसटली की चाक आडवं पडतं आणि स्टिअरिंग हातात नुसतं फिरत राहतं. पोस्टीत घोड्यांचा, म्हणजे उचललेल्या गाडीखाली ठेवायच्या स्टँडचा उल्लेख नाही, टॉर्कचा (नट किती जोरानं आवळायचा) नाही, अलाइनमेंटचा (चाकं सरळ लावायचा) नाही. आमच्या गल्लीत एकानं जॅकच्या जोडीला गाडीखाली चिरा ठेवला होता. दोन घाव घालून पाना आणायला उठला, तेवढ्यात जॅक सरकला आणि चिरा मधोमध दुभंगला. उठला नसता तर आम्ही त्याला खांद्यावरून नेला असता.

जांबोटीकडचा
ती पोस्ट माझी. घोड्या होत्या, लिहायच्या राहिल्या, ही चूक कबूल. पण मला सांगा, गॅरेज बेळगावात, गाव जांबोटीच्या पुढं. त्याच खिळखिळ्या जॉइंटवर गाडी तिथवर चालवत न्यायची ती सुरक्षित, आणि दारात बदलली तर मी बेजबाबदार? चाक काढलं, आर्मखाली टॉमी (लोखंडी कांब) घालून दाबलं तर जॉइंट खटखट हलायला लागलेला. रबरी बूट फाटलेलं, आत ग्रीसच्या जागी तांबडा चिखल. कणकुंबीचा पाऊस एका हंगामात हे करतो. नट अडवणारी स्प्लिट पिन काढली, नट दोन आट्यांवर ठेवला म्हणजे आर्म उसळत नाही. मग नकलच्या (चाक धरणाऱ्या लोखंडाच्या) डोळ्याला एका बाजूनं हातोड्याचा आधार, दुसऱ्या बाजूनं घाव. तिसऱ्या घावाला टेपर, म्हणजे जॉइंटचा निमुळता दांडा, सुटला. काटा घालून उचकटणारे गॅरेजवालेच नवीन बूट फाडतात, हे मी डोळ्यानं बघितलंय.

उद्यमबागकर
तुझी गाडी मॅकफर्सनची. स्प्रिंगचा भार वर स्ट्रटवर, म्हणजे स्प्रिंग-शॉकअॅबसॉर्बरच्या खांबावर, खालचा जॉइंट नुसता चाक धरतो. तुझं वाचून एखाद्या सुमोवाल्यानं तेच केलं तर? तिथं स्प्रिंगच्या जागी टॉर्शन बार, म्हणजे पिळून ताणलेली पोलादी दांडी असते. लोअर आर्मखाली जॅक न धरता जॉइंट सोडला तर आर्म झटक्यात खाली येतो, हाताची बोटं राहत नाहीत. "कुठलीही गाडी" असं लिहिलंस, राग त्याचा आला.

निपाणीचा वाहनधारक
दोघंही मूळ सोडून भांडायलाय. जॉइंट जातात कशानं? रस्त्यानं! गळीत हंगामात ऊस भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या त्याच डांबरावरून जातात. वर्षाला एक जॉइंट मी बदलतोय.

टिळकवाडीची
निपाणीवाल्यांनी रस्त्याबद्दल बोलू नये. हायवे तुमच्या दारातून जातो. खानापूरच्या आतल्या गावांत पावसाळ्यात या, मग कळेल.

निपाणीचा वाहनधारक
हायवे दारातून जातो म्हणून आम्ही हायवेवर राहतो काय? बोरगाव-सदलगा भागात एकदा फिरून बघा. रोड टॅक्स केए-23 च्या पाटीवर भरायचा, आणि कोल्हापुरात सुटे भाग घ्यायला गेलो की पाटी बघून विचारणार, "कर्नाटकातनं आलाय?" इकडं दुकानात मराठीत बोललं तर वेगळी नजर. 1956 ला आपला भाग तिकडच्या राज्यात घातला, तेव्हापासून आपण दोन्हीकडचे पाहुणे.

टिळकवाडीची
बॉल जॉइंटमध्ये सीमाप्रश्न कुठून आला? 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे, तो तुमच्या खड्ड्यानं सुटणार नाही.

निपाणीचा वाहनधारक
सुटणार नाही म्हणूनच बोलतोय. आमदार-खासदार मतं मागताना मराठीत बोलतात, रस्ता मागितला की फाईल दाखवतात. माझ्या वडिलांनी ह्याच रस्त्यावर पाय मोडून घेतलाय. तुम्हाला ते विषयांतर वाटत असेल, आमच्या घरात तोच विषय आहे.

टिळकवाडीची
वडिलांचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण माझा भाऊही खानापूर तालुक्यात शिक्षक आहे, रोज दुचाकीनं जातो. त्रास फक्त निपाणीला आहे असं बोललात म्हणून लागलं मला.

चिकोडीची लेक
मेस्त्रीकडं दिलं म्हणजे निर्धास्त, हे मला पटत नाही. आमच्या बापूंच्या गाडीचा जॉइंट एका गॅरेजात बदलला. आठ दिवसांनी वळणावर खाड आवाज. मी टॉर्च घेऊन खाली वाकले तर नट अर्धा सैल, स्प्लिट पिनच घातलेली नाही. पिनेची किंमत ती काय! बापू त्या दिवशी माझ्या दोन्ही मुलांना घेऊन संकेश्वरला निघाले होते. त्यानंतर प्रत्येक काम मी समोर उभी राहून करून घेते. निदान घरी करणारा पिन विसरत नाही, कारण त्याचीच माणसं गाडीत बसणार असतात.

उद्यमबागकर
ताई, तुमचं वाचून गप्प झालो. पिन विसरणारा मेस्त्री असो की मालक, मला दोघंही नकोत. आणि जुनी पिन सरळ करून परत घालणाराही नको. नवीनच घालायची.

जांबोटीकडचा
नवीनच घातली होती. मॅन्युअलमधल्या टॉर्कला आवळल्यावर पिनेचं भोक जुळलं नाही, तेव्हा नट पुढं आवळला, मागं सैल केला नाही. टेपर कोरडा पुसून घेतला, ग्रीस लावलं नाही. पोस्ट दुरुस्त केली आहे: घोड्या, टॉर्क आणि "टॉर्शन बारच्या गाडीला हे लागू नाही" ही ओळ सगळ्यात वर.

उद्यमबागकर
वाचली. अलाइनमेंट अजून नाही त्यात.

जांबोटीकडचा
अजून केलेलीच नाही. टायर आतल्या बाजूनं घासायलाय, तेवढं तुमचं खरं. पण विरोध मागं घेणार काय?

उद्यमबागकर
नाही घेणार. तुझ्यासारखं पान्यानं मोजून करणारे दहात एक. उरलेले नऊ तुझी जुनी पोस्ट वाचून कामाला लागलेत. दुसऱ्या बाजूचा जॉइंट तेवढ्याच वयाचा आहे, तो कधी करतोस?

जांबोटीकडचा
येत्या रविवारी.

उद्यमबागकर
सकाळी नऊला येतो. माझ्या तीन टनी घोड्या आणि टॉर्क पाना आणतो. मी पोचेपर्यंत गाडी उचलू नकोस.